किसनकाकांच्या खिळ्यावरची किल्ली

दादा, रविवारी तुझ्या स्टेशनवर जाऊन आले. तू असायला हवा होतास असं मी म्हणणार नाही. तू असतास तर मी आलेच नसते. घरात दार लावून बसले असते आणि तू तिथे आत्ता काय वाचत असशील या विचारानं दिवसभर जळत राहिले असते.

तुला जाऊन एकवीस दिवस झाले. भेटायला येणारे तुझ्याबद्दल चांगलंच बोलतात. स्टेशनचा दगडन् दगड ठाऊक असलेला माणूस गेला, म्हणतात. मी मान हलवते. आपण दोघं चार महिने एकमेकांशी बोलत नव्हतो हे वहिनींशिवाय कुणालाच माहीत नाही, आणि त्यांनी ते अजून झाकून ठेवलंय.

भाऊबीजेचा तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. तुला ओवाळून झालं होतं, तरी तू पाटावरून उठला नाहीस. म्हणालास, "सुमे, स्टेशनच्या इतिहासाची वही संपत आली. एकच प्रकरण राहिलंय. मालधक्क्यावर डबे घसरले होते, ते. त्यात आप्पांचं नाव येणार."

मला वाटलं, कौतुकानं येणार. मी हसून विचारलंही, "आप्पांनी काय केलं होतं?"

"चूक त्यांची होती. किसनकाकांवर ढकलली."

ताट माझ्या हातात तसंच राहिलं. आप्पांची नोकरी सांधेवाल्याची. एक रूळ जिथे दोन वाटांना फुटतो तो सांधा, आणि गाडी कोणत्या वाटेनं जाणार हे आप्पांच्या हातातला लोखंडी दांडा ठरवायचा. किसनकाका पुढे झेंडा घेऊन उभे राहायचे. दांडा ओढून झाला की आप्पांनी सांध्याला कुलूप लावायचं, किल्ली किसनकाकांच्या हातात द्यायची, आणि किल्ली हातात आल्यावरच किसनकाकांनी हिरवा झेंडा दाखवायचा. आपण क्वार्टरमध्ये भिंतीला भिंत लावून राहायचो. त्यांची मंदा माझ्या बाकावर बसायची. तिची आई, हौसाकाकू, दोघींच्या वेण्या एकामागून एक घालायच्या आणि कुणाची आधी यावरून आम्ही भांडायचो.

मी सहावीत होते. भर दुपारी डबे मालधक्क्याकडे ढकलत होते. सांध्याला कुलूप नव्हतं. सांधा सरकला, डबे भलत्या रुळावर गेले आणि मागचे दोन धक्क्यावर चढले. एका हमालाचा हात कायमचा अधू झाला. किल्ली सापडली ती किसनकाकांच्या रुळाकाठच्या खोपटात, खिळ्याला अडकवलेली. म्हणजे आप्पांनी कुलूप लावून किल्ली दिली होती आणि किसनकाकांनीच ते नंतर उघडलं, असं ठरलं. त्यांची नोकरी गेली. क्वार्टर सोडून ते काष्टीला, काकूंच्या माहेरी गेले. मंदा टेम्पोत सामानावर बसली होती. मी हात केला. तिनं केला नाही.

मला एवढंच माहीत होतं. म्हणून मी तुला विचारलं, "पुरावा काय तुझ्याकडे?"

"आहे."

"काय आहे?"

तू फरशीकडे बघत राहिलास. मला वाटलं, तुझ्याकडे काही नाही. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी खळबळ करावीशी वाटते, तसं काहीतरी असेल. मी म्हणाले, "मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, दादा."

"किसनकाका जिवंतपणी देत होते. कुणी ऐकलं?"

"हे लिहिलंस तर माझ्या दारात येऊ नकोस."

तू उठलास. चपला घालताना तोल गेला तुझा, भिंतीला हात टेकलास. मी धरलं नाही. वहिनी तुझ्यामागून गेल्या. तुझ्या पाटापुढची रांगोळी मी दोन दिवस पुसली नाही आणि तिसऱ्या दिवशी रागानं पुसली.

राग कशाचा होता ते आता सांगते. भावकी माझ्या लग्नाच्या मागे लागली होती तेव्हा आप्पा एकटे उभे राहिले. "पोरगी मास्तरीण होणार," म्हणाले. डी.एड.च्या परीक्षेला ते ड्यूटीवरून थेट आले होते, निळ्या कपड्यांत, आणि तीन तास कॉलेजच्या पायरीवर बसले होते. मी बाहेर आल्यावर त्यांनी पेपर कसा गेला हेही विचारलं नाही. नुसती पिशवी घेतली हातातली. माझ्या वर्गात कुणी चोरी केली, दुसऱ्यावर घातली, तर मी मुलांना आप्पांचं उदाहरण द्यायचे. बत्तीस वर्षं दिलं. तू ते एका वाक्यात काढून घेत होतास.

मग तो फोन. सकाळी भाजी निवडत होते. नाव बघून मी उचलावा की नाही असं करत उचलला. तू म्हणालास, "सुमे, त्यात अजून एक आहे. ते तुला आधी कळायला हवं. लोकांच्या आधी."

"मला काही ऐकायचं नाही," म्हटलं आणि बंद केला. तू परत केला नाहीस. मीही केला नाही. आठव्या दिवशी वहिनींचा फोन आला. तू स्टेशनवर जायला निघाला होतास. खुर्चीत बसून मोजे चढवत होतास. एक चढवला होता.

तेराव्यानंतर वहिनींनी कपाटातून वही काढून माझ्या हातात दिली. "वन्सं, ही तुम्हालाच द्यायची म्हणाले होते. मी उघडलेली नाही." मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं की त्यांना सगळं माहीत आहे.

तीन दिवस मी वही उघडली नाही. चौथ्या दिवशी बसले. किती सुंदर लिहिलंयस रे. शाळेत निबंधाला तुला कधी दहापैकी चारच्या वर मिळाले नाहीत, आणि इथे एकेक पान असं की सोडवत नाही. दुष्काळात मातीकामाला आलेल्या माणसांनी हा लोहमार्ग घातला, साहेबांची नावं दगडांत कोरली, त्या माणसांपैकी एकाचंही नाव कुठे नाही, असं तू पहिल्याच पानावर लिहिलंस. इंजिनाला पाणी पाजायचा सोंडेसारखा नळ. ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी हलायची नाही तो लोखंडी गोळा. पलटणीच्या जवानांच्या काळ्या ट्रंका, आणि त्यांवर पांढऱ्या रंगानं लिहिलेली गावं वाचून तू पाठ केलेला भारताचा नकाशा. जामखेडकडची माणसं एसटीनं आदल्या दिवशीच येऊन मुसाफिरखान्यात मुक्काम करायची, भाकरीची गाठोडी उशाला घेऊन. त्यांच्याकडे अजून रूळ पोचला नाही, हेही लिहिलंस. वाचताना मला कोळशाचा वास आला. तुझा राग विसरून मी दोनदा मोठ्यानं हसले.

आणि मग ते पान. ते मी इथे उतरवते, कारण तू फोनवर सांगणार होतास ते हेच होतं.

"आप्पांनी सांधा ओढला, पण कुलूप लावायचं राहिलं. लांबूनच ओरडले, 'लावलंय, दे झेंडा, किल्ली आणतो.' शेजारधर्म म्हणून किसनकाकांनी विश्वास ठेवला. किल्ली किसनकाकांकडे आलीच नव्हती. आवाज झाला, धूळ उठली, सगळे धक्क्याकडे पळाले. आप्पा उलटे पळाले. किसनकाकांच्या खोपटात शिरून त्यांनी आपल्या सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली आणि खिळ्याला अडकवली. वळले तेव्हा दारात मी उभा होतो. मी एकोणीस वर्षांचा होतो, रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून नुकताच लागलो होतो. आप्पा काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. चौकशीत मला विचारलं, तुझ्या वडिलांनी किल्ली किसनच्या हातात देताना तू पाहिलंस का? मी हो म्हणालो. साक्षीला आम्ही बापलेक दोघं आणि ते एकटे. बाहेर आल्यावर किसनकाकांनी मला विचारलं, 'खरंच बघितलंस का रं?' मी पुन्हा हो म्हणालो. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी या स्टेशनात नोकरी केली. ती माझ्या त्या दोन होकारांवर उभी होती."

वही मिटून मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. परत आले आणि परत धुतलं. तू फरशीकडे का बघत होतास ते कळलं. पुरावा तूच होतास. मी तुला फोनवर एक वाक्य बोलू दिलं असतं तर, दादा, मी तुला काय म्हणाले असते? कदाचित आधी ओरडलेच असते. पण तू एकटा तरी राहिला नसतास.

त्याच संध्याकाळी देशमान्यांचा फोन. तुमच्या निवृत्त मंडळींचे पुढारी, जुने गार्ड. जुनी इमारत बंद व्हायच्या आधी मुसाफिरखान्यात मेळावा ठरला होता आणि तुझा इतिहास वाचला जाणार होता, हे मला तेव्हा नीट कळलं. "ताई, आता तुम्हीच वाचा. शिक्षिका आहात, आवाज चांगला आहे." मग म्हणाले, "ते मालधक्क्याचं प्रकरण तेवढं गाळू. त्यानं मला तोंडी सांगितलं होतं. गेलेल्या माणसाच्या हातून झालेलं कशाला उकरायचं? वही तुमच्या हातात आहे. कुणाला काय कळणार आहे?"

मी "बघते" म्हणाले. खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. आता आप्पाच नाही, तूही त्यात होतास. दोघांना झाकायला एवढंच करायचं होतं की एक पान न वाचता उलटायचं.

मग मी काष्टीला का गेले? कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. सकाळच्या पॅसेंजरनं गेले. मंदाची पिठाची गिरणी आहे, बाजारतळाच्या मागे. चौकशी करत पोचले. मंदाच्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या, तरी मी लगेच ओळखलं. तिनंही ओळखलं. पट्टा बंद केला. गिरणी थांबली तसं फार शांत झालं.

"सुमी ना तू? भाऊ गेला म्हनं तुझा."

"तुला कुणी सांगितलं?"

"पेपरात हुतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "दोनदा आल्ता तो हितं. पयल्यांदा म्या दार लावून घेतलं. दुसऱ्या टायमाला गिरनीफुडं उभाच ऱ्हायला. गिऱ्हाइकं बघायला लागली, मग घेतलं आत. समदं सांगितलं त्यानं. लई रडला. माफ कर म्हनला."

मला हे ठाऊक नव्हतं, दादा. तू हे वहीत लिहिलेलं नाहीस.

"तू काय म्हणालीस?"

"म्या म्हनलं, मला सांगून काय उपेग? माझा बाप लबाड न्हवता हे मला ठावं हाय. जिथं त्याला लबाड ठरवलं तिथं जाऊन सांग, चार मान्सांत. तर म्हनला, सांगतो. मेळावा हाय, तिथं वाचतो. आन मग गेलाच की."

भाऊबीजेला मी याला हट्ट समजले होते. माझ्या दारात यायची बंदी घालताना तू मंदाला दिलेल्या शब्दानं बांधलेला होतास, आणि तू मला तो सांगितला नाहीस. माझ्यापुढे मंदाची ढाल करायची नव्हती तुला. मी तुला ओळखते म्हणून हे कळतं.

मी किसनकाकांचं विचारलं. मंदा म्हणाली, "बाजारात जनावरं धरायचं काम केलं त्यानं. शनवारी बाजार भरला का ह्याचा कासरा धर, त्याला पानी दाव. गाडीत काय बसला न्हाई मरेस्तोवर. म्या सासरी नांदत हुते तवा माझ्याकडं यायचं तर एसटीनं यायचा, चार घंटे जास्ती लागले तरी." मग एकदम माझ्याकडे वळली. "आन तू कशापायी आलीस? ते वाचू नगं म्हनून इचारायला?"

"गाळता येईल, असं सांगितलंय मला."

"मंग?"

बाहेर एक बाई दळणाचा डबा घेऊन थांबली होती, ती आमच्याकडे बघत होती. मी म्हणाले, "मंदा, रविवारी मेळाव्याला येशील?"

"तू वाचनार आसशील तर यीन. न्हाईतर तिथं आमचं काय हाय?" असं म्हणून तिनं पट्टा चढवला आणि गिरणी सुरू केली. पुढचं बोलणं ऐकूच आलं नसतं.

रविवारी सकाळी मी वहिनींना घेऊन गेले. मुसाफिरखान्यात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. शेजारी नव्या इमारतीचं काम चालू होतं, मशीनची धडधड थेट तळपायात जाणवत होती. तुझ्या फोटोला हार घातला होता, आणि फोटोत तू त्या कडक इस्त्रीच्या शर्टात, ज्याची वहिनींना कायम कटकट असायची. साठ-सत्तर माणसं असतील. बहुतेक सगळी आप्पांना ओळखणारी. दोघांनी वाकून वहिनींना नमस्कार केला. "सांध्यावरच्या आप्पांची लेक," असं एकानं माझी ओळख करून दिली.

मी वाचायला लागले. पहिल्या पानापासून माणसं रंगली. इंजिनाच्या नळाचं आलं तेव्हा मागून कुणीतरी "बरोबर!" म्हणालं. लोखंडी गोळा झेलताना तोंडावर आपटलेल्या माणसाचं वाचलं तर तो माणूस समोरच बसला होता. सगळे त्याच्याकडे वळून हसले. मीही हसत होते आणि एका डोळ्यानं दाराकडे बघत होते. काष्टीकडची पॅसेंजर उशिरा होती. पानं संपत आली. मी सावकाश वाचायला लागले. एक परिच्छेद पुन्हा वाचला. देशमान्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि हातानं पान उलटायची खूण केली.

ते पान माझ्या अंगठ्याखाली होतं. खरं सांगते, मंदा आली नसती तर मी ते वाचलं असतं का, मला माहीत नाही. तुला मी खोटं सांगणार नाही, आता तरी.

गाडी लागल्याचा आवाज झाला. माणसांचा लोंढा दारावरून गेला. आणि मंदा दारात आली, एका वाकलेल्या म्हातारीला दंडाला धरून. हौसाकाकू. मी त्यांना इतक्या वर्षांनी बघत होते. दोघी शेवटच्या रांगेत बसल्या. मंदानं माझ्याकडे बघितलं नाही.

मी वाचलं. "कुलूप लावायचं राहिलं" इथपर्यंत कुणी हललं नाही. "आप्पा उलटे पळाले" म्हटल्यावर पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. "ताई, हे काय चाललंय? गेलेल्या माणसाची बदनामी? त्याला उत्तर देता येतंय का?"

माझंच वाक्य होतं ते. भाऊबीजेला तुला ऐकवलेलं.

"माझेच वडील आहेत," मी म्हणाले. "आणि पुढे माझा भाऊ आहे. बसा."

ते बसले नाहीत. उभेच राहिले. देशमाने खाली बघत होते. मी वहिनींकडे बघितलं. त्यांचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते, पण मान ताठ होती. मी पुढे वाचत गेले. तुझा पहिला होकार वाचला. किसनकाकांचा प्रश्न वाचला. दुसरा होकार वाचला. शेवटची ओळ वाचून वही मिटली.

टाळी कुणीच वाजवली नाही. वाजवायची नव्हतीच. बाहेर मशीन धडधडत होतं. उभे राहिलेले गृहस्थ हळूच खाली बसले. मला वाटलं, आता मंदा उठून निघून जाईल.

ती उठली. काकूंनाही उठवलं आणि दोन रांगांमधून, लोकांचे पाय चुकवत, पुढे यायला लागली. माणसांनी खुर्च्या सरकवून वाट दिली. अगदी पहिल्या रांगेत, माझ्यापासून हातभर अंतरावर, एकानं आपली खुर्ची रिकामी केली. मंदानं काकूंना तिथे बसवलं, त्यांचा पदर नीट केला आणि मला म्हणाली,

"सुमे, आईला ऐकू कमी येतंय. मागं तिला काय कळलं न्हाई. परत वाच. मोठ्यानं."

मी वही उघडली. ते पान पहिल्यापासून वाचायला घेतलं, आप्पांच्या नावासकट, तुझ्या नावासकट. शाळेच्या मैदानावर वाचते तसं मोठ्यानं. काकू कानामागे हात धरून माझ्या ओठांकडे बघत होत्या.

"किल्ली किसनकाकांकडे आलीच नव्हती," मी वाचलं.

काकूंनी हात वर केला. मी थांबले.

"हे," त्या म्हणाल्या. "हे आनखी एकदा म्हन."